वीस बैलांचं एकच पोट

अल्माटी शहरातून आलेल्या संशोधक अर्दाकने गुराखी ओरिनबायच्या हाती वीस डब्या ठेवल्या. प्रत्येक बैलाचं ताजं शेण वेगळ्या डबीत भरायचं होतं. पोटातल्या जिवाणूंचा मांसाच्या चवीशी काय संबंध असतो, हे ती शोधत होती. पण शेणासाठी बैलामागे धावणं ओरिनबायला कमीपणाचं वाटलं. त्याने एकाच बैलाच्या शेणातून वीसही डब्या भरल्या आणि तो चहाला बसला.

"विज्ञानाची सेवा फारच लवकर उरकली की!" बायको कुलझिरा म्हणाली.

"त्याला अनुभव लागतो."

महिन्याने अर्दाक धावतच आली. "ओरिनबायकाका, चमत्कार झालाय! वीसही बैलांच्या पोटात हुबेहूब तेच जिवाणू! पुढच्या आठवड्यात मी हे परिषदेत सांगणार. तुम्हीही मंचावर बसायचं."

ओरिनबायची छाती फुगली. कोणती टोपी घालावी, इथपर्यंत विचार गेला. पण पोरीचा उजळलेला चेहरा पाहून तो भानावर आला. भरसभेत हिचंच हसं होणार होतं.

"पोरी, चमत्कार बैलांचा नाही," तो खाली मान घालून म्हणाला. "शेण एकाचंच होतं."

अर्दाकने पुन्हा वीस रिकाम्या डब्या काढल्या. मग म्हणाली, "उद्या बैलांमागे मीही येते. तुम्ही पुढे व्हायचं."

तिसऱ्या दिवसापर्यंत एकोणीस बैलांच्या डब्या भरल्या. विसावा मात्र निवांत रवंथ करत बसला. त्याच्या मागे ओरिनबाय उकिडवा बसून राहिला, आणि तो सोहळा पाहायला कुलझिराने सगळ्या शेजारणींना बोलावून आणलं.