नदीचे वाद वगळून

कचेरीत सगळे त्याला स्वल्पविराम म्हणत. परराष्ट्र खात्याच्या करार विभागात तो एकोणीस वर्षं मसुदे लिहीत होता आणि त्याच्या हातून गेलेल्या कागदात बोट ठेवायला जागा सापडत नसे. लोक मागे हसत, पण अडलं की त्याच्याच टेबलाशी येत.

त्याची ताई सीमेपलीकडच्या देशात, नदीच्या खालच्या अंगाला दिली होती. दोन्हीकडे बोली एकच. मध्ये फक्त एक चौकी. एका सोमवारी सीमेच्या अलीकडच्या एका खाणीचा गाळाचा बंधारा फुटला आणि राखाडी चिखल नदीतून पलीकडच्या तीन गावांवर गेला. ताई छपरावर चढली म्हणून वाचली. दाजींचं प्रेत दुपारी मिळालं. सोळा वर्षांच्या भाचीचा पत्ताच नव्हता. चौकी बंद झाली होती, त्यामुळे त्याला जाता येईना. फोनवर ताई एवढंच म्हणायची, "चिखल उपसतोय. ठेवते."

गुरुवारी विभागाच्या प्रमुख बाईंनी त्याला आत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"पलीकडचं सरकार आपल्याला आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचणार. येत्या सोमवारी अर्ज जाईल म्हणतात. आणि आपली संमती तिथे पडून आहे."

त्याला ते पत्र तोंडपाठ होतं. पंचवीस वर्षांपूर्वी सरकारने लिहून दिलं होतं की कुणी दावा लावला तर आम्ही त्या न्यायालयापुढे उभे राहू. देशावर खटला चालतो तो असाच, त्याने आधी हो म्हटलेलं असेल तर. आणि तो हो कधीही बदलायची सोय त्याच पत्रात ठेवलेली होती. फक्त दावा दाखल व्हायच्या आत बदलायला हवा.

"संमती सगळीच काढून घ्यायची?" त्याने विचारलं.

"नको, ते फार डोळ्यांवर येईल. सीमा ओलांडणाऱ्या नद्यांचे वाद तेवढे वगळा. आजपासून."

"बाई, माझी बहीण त्या बुडालेल्या गावांतल्या एकात आहे."

"माहीत आहे मला," बाई हळूच म्हणाल्या. "तुम्ही नाही म्हणालात तर मी काही म्हणणार नाही. शेजारच्या टेबलाला देईन. तो कुठेतरी फट ठेवील, आणि पलीकडच्यांना ती सापडेल."

तो कागद घेऊन जागेवर आला. फट राहिली तर ताईचंच भलं होतं, हे कळायला त्याला कुणाची गरज नव्हती. 'आजपासून' एवढा शब्द गाळला असता तरी बदल नक्की कधी लागू झाला यावर वर्षभर वाद घालता आला असता. त्याने तो गाळलाही. मग ते वाक्य त्याला लंगडं दिसू लागलं. तो दोनदा पाणी पिऊन आला. शेवटी त्याने शब्द परत घातला, पुढचं वाक्य नीट बांधलं आणि अर्ध्या तासात कागद आत नेऊन दिला. बाईंनी वाचला आणि काही न बदलता पुढे पाठवला.

खटला दाखल झाला. तो ऐकायचा अधिकार न्यायालयाला आहे की नाही, एवढ्यावरच दोन वर्षं गेली. निकालाच्या दिवशी तो आपल्या वकिलांच्या मागच्या रांगेत बसला होता. वर प्रेक्षकांच्या सज्जात तिन्ही गावांची मिळून अकरा माणसं होती; त्यांत ताई. न्यायाधीशांनी गेलेल्यांबद्दल दुःख व्यक्त केलं, आणि मग सांगितलं की संमती नसल्यामुळे हा दावा ऐकता येत नाही. बाईंनी वळून त्याचा हात हातात घेतला.

बाहेरच्या जिन्यात ताईने त्याला गाठलं. ती फार वाळली होती.

"धाकट्या, आमचे वकील भराभर बोलून गेले. मला काही उमगलं नाही. चूक कुणाची, ते सांगितलं का त्यांनी?"

"नाही ताई. तिथवर गेलेच नाहीत ते. आमच्या सरकारने होकार दिला नाही, म्हणून."

"ज्याने बुडवलं त्यालाच विचारायचं, तुला खटला चालेल का?"

"हो."

"आधी दिला होता म्हणतात होकार."

"दिला होता. मग नद्या वगळल्या." तो कठड्याला धरून उभा राहिला. "मी लिहिलं ते, ताई. मसुदा माझा आहे."

"कधी?"

"गुरुवारी. त्याच आठवड्यातल्या."

"गुरुवारी मी पोरीची चप्पल धुवत होते," ती म्हणाली. "एकच मिळाली होती." मग ती खाली उभ्या असलेल्या आपल्या माणसांकडे गेली.

त्यानंतर तिने त्याचा फोन उचलला नाही. तीन महिन्यांनी गावच्या मास्तरांचं पत्र आलं. निकाल आमच्या भाषेत कुणाकडे नाही, तुम्ही वाचून दाखवाल का, असं ताईंनी विचारायला सांगितलं आहे.

तो रजा टाकून गेला. शाळेच्या खोलीत चाळीसेक माणसं बसली होती, ताई खिडकीशी. एकाहत्तर पानं होती. त्याने एकही ओळ न गाळता वाचली, स्वतःचं वाक्य आलं तेव्हा तेही वाचलं, आणि हे माझं, असं सांगितलं. शेवटी पुढे बसलेल्या एका म्हाताऱ्याने विचारलं, "मग आता याच्या वर कुठे जायचं?"

"याच्या वर काही नाही," तो म्हणाला.

म्हाताऱ्याला नीट ऐकू आलं नसावं. त्याने पुन्हा विचारलं. या वेळी तेच उत्तर ताईने दिलं, मोठ्याने, भावाकडे न बघता.