धुरपताबाईंच्या मागे राहिलेली ट्यूब

मित्रांनो, मी जीपच्या चाकातली एक जुनी ट्यूब आहे. अंगावर सात ठिगळं आहेत. कारखान्यातलं फारसं आठवत नाही. गरम साचा आणि रबराचा वास, एवढंच. जीप भंगारात गेली, तेव्हा मानवतच्या पंक्चरवाल्यानं मला भुजंगरावांना देऊन टाकलं. माझं खरं आयुष्य तिथून सुरू झालं.

भुजंगरावांचं गाव देवगाव फाट्यापासून आत, धरणाच्या पाण्याला लागून. त्यांच्या विहिरीत निम्मं गाव पोहायला शिकलं, ते माझ्या जिवावर. लोक म्हणत, भुजंगरावासारखा पोहणारा पंचक्रोशीत नाही. ते ऐकून त्यांची छाती फुगे आणि माझीही.

मग एका उन्हाळ्यात त्यांच्या बायकोनं, धुरपताबाईंनी, 'मला पोहायला शिकवा' म्हणून हट्ट धरला. वय अठ्ठावन्न. त्यांची थोरली बहीण केशरबाई पलीकडच्या काठावर राहायची. धरण होण्याआधी दोघी नदी ओलांडून चालत एकमेकींकडे जात. आता रस्त्यानं मोठा वळसा होता. त्यातच केशरबाईंचं अर्धं अंग लुळं पडलं. त्या दिवसभर पाण्याकडे तोंड करून बसत. एकदा म्हणाल्या, तू गाडीनं येतेस खरी, पण मला रोज वाटतं, तू त्या पाण्यातूनच येशील. ते धुरपताबाईंच्या मनात घर करून बसलं.

भुजंगराव हसले. दोन दिवसांत कंटाळेल, म्हणून त्यांनी मला बायकोच्या काखेत अडकवलं. मुलाची जुनी पँट आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून धुरपताबाई विहिरीत उतरल्या. पहिल्या दिवशी त्यांनी मला अशी मिठी मारली, की तशी आजवर कुणी मारली नव्हती. मला वाटलं, ही माझीच.

पण पावसाळ्याआधीच त्यांनी मला सोडलं. दुसऱ्या वर्षी त्या धरणाच्या पाण्यात लांबवर जाऊ लागल्या. लेकीनं, राजेश्रीनं, पुण्याहून केशरी रंगाचा फुगा पाठवला. तो कमरेला दोरीनं बांधायचा, दमलं की धरायचा. किती गुळगुळीत होता तो! एक ठिगळ नाही. तो बाईंच्या मागे ऐटीत तरंगत जाई आणि मी काठावर उन्हात तडकत राहायचे. कुठल्यातरी बाभळीचा काटा त्याला लागावा, असं मी रोज मनात म्हणायचे.

जळणारी मी एकटी नव्हते. आता लोक धुरपताबाईंना बघायला येत. मास्तर दत्तराव एकदा सहज म्हणाले, भुजंगराव, तुम्हाला जमेल का एवढं? भुजंगराव त्या दिवशी जेवले नाहीत.

पलीकडे जायचा दिवस ठरला. बाईंची एकच अट होती, नवऱ्यानं ट्यूब घेऊन मागे यायचं. त्या सकाळी त्या देवापुढे दिवा लावत असताना भुजंगरावांनी माझी पिन दाबली आणि सगळी हवा सोडली. खोटं कशाला बोलू? मला बरं वाटलं. आता बाई जाणार नाहीत, केशरी फुगाही जाणार नाही.

काठावर भुजंगराव म्हणाले, ट्यूब पंक्चर झाली. बाईंनी मला पाहिलं, नवऱ्याला पाहिलं, सायकलला अडकवलेला पंपही पाहिला.  फुगा कमरेला बांधला आणि पाण्यात शिरल्या.

निम्म्यात गेल्या असतील, तेव्हा वारा सुटला. केशरी ठिपका पुढे सरकेना. भुजंगराव उभे राहिले. मग धावत गेले, पंप आणला आणि मला हवा भरू लागले.  मी नीट फुगलेही नव्हते, तेवढ्यात त्यांनी मला पाण्यात ढकललं आणि मागून उडी घेतली.

जवळ पोचलो तर बाई उताण्या पडून श्वास सावरत होत्या. भुजंगरावांना धाप लागली होती. माझ्यावर छाती टेकून ते म्हणाले, "हवा मीच सोडली व्हती."

"ठाव हाय. पंक्चर असती तर पंप कशाला आणला असता तुमी?"

"मंग बोलली न्हाईस का?"

"बोलले असते तर काठावरच ऱ्हाईले असते." बाई पालथ्या झाल्या. "आता बोलू नका. दम राखा. माझ्या मागून या."

त्या पुढे निघाल्या. अख्ख्या पंचक्रोशीतला नावाजलेला पोहणारा मला धरून, पाय मारत त्यांच्या मागे चालला. त्या दिवशी मी त्यांनाच पलीकडे नेलं.

काठावर केशरबाई खुर्चीत बसल्या होत्या. धुरपताबाई चिखलातून तशाच त्यांच्या पायांशी जाऊन बसल्या.  केशरबाईंनी आपला चालणारा एक हात पुढे केला, बहिणीची ओली वेणी मुठीत धरली आणि हळूहळू पिळत राहिल्या.

मित्रांनो, केशरी फुगा समोरून गेला की अजूनही मला तो बाभळीचा काटा आठवतो. जुन्या वस्तूंचा स्वभाव तसा लवकर जात नाही. पण दर आठवड्याला भुजंगराव मला विहिरीत बुडवून बघतात, कुठून बुडबुडा येतो का ते. तुमच्या घरीही कुणी उतारवयात पाण्यात उतरत असेल, तर त्याला हसू नका, अडवू नका आणि एकटं सोडू नका. आणि कोपऱ्यात माझ्यासारखी एखादी ट्यूब पडली असेल, तर तिच्यात हवा भरून ठेवा.