गोदाबाईंच्या दंडावरचा पट्टा

मित्रांनो, मी एक जुनं, पाऱ्याचं, रक्तदाब मोजायचं यंत्र आहे. कोपरीतल्या डॉक्टर उत्तराबाईंच्या टेबलावर वीस-बावीस वर्षं ठाण मांडून बसलोय. नौपाड्यातल्या दुकानातून बाईंनी मला आणलं तेव्हा लोक कौतुकाने म्हणत, "पाऱ्याचं आहे, बरोबरच दाखवणार!" आता मनगटावरची घड्याळंसुद्धा दाब मोजतात म्हणे. मला कोण विचारतो!

त्यात गोदाबाई आल्या आणि माझी अब्रूच पणाला लागली. गोदाबाई कोपरीच्या जुन्या आगरी घरातल्या धवलारीण. लग्नात गायची गाणी, म्हणजे धवले, गावेत ते त्यांनीच. पण दंडाला पट्टा बांधला की माझा पारा एकशेऐंशीच्या खाली थांबेचना. दाबाच्या तीन गोळ्या चालू, तरी तेच. वर छातीत धडधड, साखर वाढलेली, हाडं ठणकतायत.

त्यांचा मुलगा देवेश वैतागला. "मॅडम, मशीन म्हातारं झालंय. फेका ना आता!"

खरं सांगतो, फार लागलं मला ते.

"मशीन ठीक आहे रे. आपलंच काहीतरी चुकतंय," म्हणत बाईंनी गोदाबाईंना औषधांची पिशवी उलटी करायला लावली. आतून कॅल्शियमच्या चार बाटल्या निघाल्या! हाडं दुखतात म्हटल्यावर सून, नणंद, शेजारीण, जिने तिने मायेने आणून दिलेल्या. बाईंनी कपाळाला हात लावला; रक्तात कॅल्शियम फार झालं की दाबही चढतो. त्या गोळ्या बंद करून काही दिवसांनी रक्त तपासलं, तरी कॅल्शियम चढलेलंच.

दुखणं निघालं गळ्यात. तिथे तांदळाच्या दाण्याएवढ्या चार पॅराथायरॉइड ग्रंथी असतात. गोदाबाईंची एक फुगून बोराएवढी झाली होती आणि हाडांतलं कॅल्शियम ओरबाडून रक्तात ओतत होती. त्याचा जाच हृदयालाही होत होता. उपाय एकच, ऑपरेशन.

गोदाबाई भेदरल्या. "बाय, गल्याला सुरी लावशील न् आवाज जेला तं? धवला कोन गाईल मंग? मना नको!"

बाईंनी थापा मारल्या नाहीत. आवाजाची नस तिथून जवळच जाते, थोडा धोका आहे, असं स्पष्ट सांगितलं. "पण गोदाबाई, हृदयच थकलं तर गाणार कशाच्या जोरावर?" एवढं बोलून थांबल्या नाहीत. दवाखाना बंद ठेवून कल्याणच्या सर्जनकडे स्वतः त्यांच्यासोबत गेल्या. अशी डॉक्टर दिवा घेऊन शोधली तरी मिळायची नाही!

गोदाबाई राजी झाल्या, ऑपरेशन झालं. आवाज बसला, तो आठवडे गेले तरी घोगराच. गोदाबाई तपासणीला यायच्या, मान हलवून उत्तर द्यायच्या आणि खाली बघत बसायच्या. माझा पारा मात्र हळूहळू उतरत एकशेपस्तीसवर आला. तीन गोळ्यांची एक झाली. धडधड थांबली, साखरही बरीच ताळ्यावर आली. सगळ्यांनाच इतका गुण येतो असं नाही, हे बाईंनी देवेशला बजावलं. त्याने गुपचूप रुमालाने माझी काच पुसली.

मित्रांनो, एक मागणं आहे. नको तो आकडा दिसला की यंत्राला शिव्या घालू नका. आणि मायेपोटीसुद्धा कुणाला मनानेच गोळ्या देऊ नका.

परवा गोदाबाई पुन्हा आल्या. दाब मोजताना बोलायचं नसतं. बाईंनी पट्टा आवळला, हवा भरली, आणि गोदाबाईंनी डोळे मिटून धवला लावला. खणखणीत! बाहेरचे पेशंट दाराशी गोळा झाले. बाईंनी कानातल्या नळ्या काढल्या, माझी हवा सोडून दिली आणि ऐकत बसल्या. दाब मोजायचा राहूनच गेला.