कप्तान, स्वयंपाकीण आणि लपलेली मुलगी

“आता हे कोण बोलतंय?” आईने पडद्यावर बोट टेकवलं.

“स्वयंपाकीण. वर नाव आहे की!” लेक तिच्याकडे तोंड करून म्हणाली.

“दर वेळी नाव बघू? तेवढ्यात गोष्ट सुटते. तुझी तिघंही एकाच तोंडाने बोलतात.”

आईचे कान नवव्या वर्षी तापात गेले. तेव्हापासून ती ओठ वाचत आली. गणवेश शिवायच्या कारखान्यात, मशीनच्या खडखडाटात, पलीकडच्या रांगेतली भांडणं सगळ्यांत आधी तिला कळत. लेकीने दोन वर्षं खपून संगणकावर वाचायची चित्रकथा केली होती. बटण दाबलं की चित्राखाली पुढचं वाक्य उमटायचं. गोष्ट एका बोटीवरची. सांगणारे तिघं : कप्तान, स्वयंपाकीण आणि बोटीत चोरून लपलेली मुलगी. आठ दिवसांनी ती प्रदर्शनात मांडायची होती.

चेहरा पाडून का होईना, लेकीने तिघांना तीन रंग दिले. लाल, निळा, हिरवा.

आई म्हणाली, “हे कपडे झाले. आवाज कुठंय?”

चित्रं काढणारा दाढीवाला जोडीदार वैतागला. “काकू, अक्षरांकडे कोण बघतं? लोक चित्रं बघतात.”

“मी बघते ना.”



रविवारी तिघं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले. आईने आधी सगळी गोष्ट वाचून काढली, मग कप्तानापासून सुरुवात केली. “हा हुकूम सोडणारा माणूस. जबडा पडतो, थांबतो, परत पडतो. अक्षर ठसठशीत कर. एकेक शब्द येऊ दे.”

लेकीने तसं केलं. स्वयंपाकिणीची अक्षरं आईने तिरकी करायला लावली. वाक्य थांबत थांबत नको, एकदम ओत म्हणाली. “हिला श्वास घ्यायला फुरसत कुठंय? आमच्या कारखान्यातल्या मुकादमीणबाई अश्शाच!” तिने त्यांची नक्कल केली तेव्हा दाढीवाल्याला चहाचा ठसका लागला.

“आणि मुलगी?” लेकीने विचारलं.

“ती लपलीय. कुजबुजणारच. बारीक कर. अजून बारीक.”

“कुजबुज तुला कशी कळते गं?”

“ओठ हलतात, पण गळा हलत नाही.”

“काकू, एवढं बारीक लोकांना दिसायचं नाही,” दाढीवाला म्हणाला.

“मग वाकतील पुढं. कुजबुज कुणी ताठ बसून ऐकतं का?”

दाढीवाल्याने मुलीच्या चित्रांमधला उजेड कमी करायला घेतला.

प्रदर्शनात त्यांच्या वाट्याला कोपऱ्यातलं टेबल आलं. दुपारी एक आजोबा-आजी येऊन बसले. आजी चष्मा घरी विसरल्या होत्या, म्हणून आजोबा मोठ्याने वाचून दाखवू लागले. आई समोर उभी राहून त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिली.

कप्तान बोलू लागला की आजोबांची हनुवटी छातीला टेके आणि शब्दाशब्दाला थांबे. स्वयंपाकिणीच्या वेळी त्यांच्या ओठांना उसंत नसे. आजी हसून हसून बेजार. मुलीचं वाक्य उमटलं तसे ते आजींच्या कानाशी गेले.

लेक धावत आली. “आई, ते कसले भारी वाचतायत! आवाज बदलून—”

“बाजूला हो गं,” आईने तिला दंडाला धरून सरकवलं. “मुलगी पकडली गेलीय. बघू दे मला, कप्तान काय म्हणतो ते.”