वीतभर नडगीचा राखणदार

मी नडगीरक्षक बोलतोय. डाव्या पायाचा. फुटबॉलवाले मला शिनगार्ड म्हणतात. काम एकच, मोज्याच्या आत शिरायचं आणि पायाचं पुढचं हाड सांभाळायचं. आकाराने मी वीतभरसुद्धा नाही. माझ्या वर गुडघा, माझ्या खाली घोटा. त्या दोघांचं काही बरंवाईट झालं तर मला बोल लावू नका. लोक लावतात, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

माझ्या जन्मात विशेष असं काही नाही. गरम प्लास्टिक साच्यात ओतलं, मागे फोम चिकटवला, शेजारी माझा जुळा भाऊ ठेवला आणि दोघांना एका पिशवीत कोंबून दुकानात टांगलं. तिथून आम्हाला उचललं ते लुसियाँने. लुसियाँ म्हणजे फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या पोर्मेलेक बंदरातला मासेमार. त्याच्या बोटांना बांगड्याचा वास येत होता. त्याचा एकुलता एक मुलगा एर्वान पंधराव्या वर्षी मोठ्या शहरातल्या क्लबच्या प्रशिक्षण शाळेत राहायला निघाला होता.

लुसियाँने माझ्यावर बोटाने टकटक करून दुकानदाराला विचारलं, "एवढंसं? पुरेल का रे हे?"

"नडगीला पुरेल, काका. बाकीचं अंग देवाच्या हवाली."

दुकानदाराने थट्टा केली, पण पुढची एकवीस वर्षं मला ती थट्टा वाटली नाही.

एर्वान मधल्या फळीत खेळायचा. मधल्या फळीतल्या माणसाचं नशीब घरातल्या मधल्या मुलासारखं. गोल केला तर पुढच्यांचा सत्कार, वाचवला तर मागच्यांचा, आणि हरलं की सगळे वळून मधल्याकडे बघणार. एर्वान चांगला खेळायचा, पण "हा नसेल तर आमचं अडेल" असं कुणी म्हणावं इतका चांगला नव्हता. म्हणून क्लब त्याला घ्यायचे, वापरायचे आणि पुढे द्यायचे. शहरातून दक्षिणेला, दक्षिणेतून स्कॉटलंडला, तिथून ग्रीसला, पुन्हा फ्रान्सच्या उत्तरेला, शेवटी सायप्रसला. नऊ क्लब झाले. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, तसं आमचं बिऱ्हाड एका निळ्या पिशवीत. माझा जुळा भाऊ स्कॉटलंडमध्ये एका धिप्पाड गड्याच्या बुटाखाली चिरफळला. त्याच्या जागी ग्रीसमधला एक कडक प्लास्टिकचा आला. त्याचं नि माझं कधी जमलं नाही.

चारशेच्या वर सामन्यांना मी हजर होतो आणि त्यांतला एकही मी पाहिला नाही. मोज्याच्या आत काय दिसणार? घाम कळायचा, लाथ कळायची, आणि लोकांचा आवाज.

लुसियाँचंही तेच. शनिवार-रविवार तो समुद्रावर असायचा. वीस वर्षांत त्याने तीनदा सुट्टी काढली, अंगात लग्नातला कोट चढवला आणि बसने शहर गाठलं. तिन्ही वेळा नेमकं एर्वानला सबंध सामना राखीव खेळाडूंच्या बाकावर बसवलं. तिसऱ्या वेळी म्हातारा म्हणाला, "मी आलो की तुला बसवतात. मीच पनवती आहे पोरा. मी आपला घरी बरा." एर्वान हसला आणि पिशवीची चेन लावत बसला.

एर्वानची जन्मभराची इच्छा तेवढीच होती. बाबांनी आपल्याला मैदानात पळताना एकदा पाहावं. मोठं मैदान नको, मोठा सामना नको. एकदा.

छत्तिसाव्या वर्षी सायप्रसच्या डॉक्टरने त्याचा डावा गुडघा दाबून पाहिला आणि सांगितलं, "आता पुरे. अजून खेळलास तर काठी घेऊन चालशील." एर्वानने मान डोलावली, सामान बांधलं आणि थेट पोर्मेलेकला आला. जिथे त्याने लहानपणी चेंडूला पहिली लाथ मारली होती, त्या गावच्या क्लबात त्याने नाव घातलं. गुडघ्याचं त्याने कुणालाच सांगितलं नाही. "रविवारी घरच्या मैदानावर सामना आहे," तो बापाला म्हणाला. "मी पहिल्या मिनिटापासून खेळणार आहे. कोच म्हणालाय. आता कशी बाकावर बसवतात ते बघू!" लुसियाँने आता समुद्रावर जाणं सोडलं होतं. त्याने त्याच दिवशी कोट उन्हात टाकला.

बाबांना तरी गुडघ्याचं सांगायचं, असं तुम्ही म्हणाल. पण लुसियाँच्या तोंडात तीळ भिजत नाही. त्याने ते ओदीलला सांगितलं असतं. ओदील म्हणजे क्लबात सगळ्यांचे शर्ट धुणारी आणि सामन्याच्या दिवशी सॉसेज भाजून विकणारी बाई. तिच्याकडून ते कोचला कळायला सॉसेज भाजायला लागतो त्याहूनही कमी वेळ लागला असता. मग रविवारी पुन्हा बाक.

मंगळवारी संध्याकाळी पहिला सराव होता. आणि तिथेच घात झाला.

आमच्याकडे कपडे बदलायच्या खोलीत शिरलं की एक रीत पाळावीच लागते. आत असेल त्या प्रत्येकाच्या पुढ्यात जाऊन हात मिळवायचा. कुणी नाड्या बांधत असो, कुणी उघडाबंब बसलेला असो, कुणाशी आदल्या दिवशी भांडण झालेलं असो, कुणाला वगळायचं नाही. हात ओला असला तर समोरचा मनगट पुढे करतो, ते धरायचं. कितीही मोठा खेळाडू असला तरी त्याची यातून सुटका नाही. मोठ्याकडे तर सगळे डोळे लावून बसतात.

त्या खोलीला दाराशी दोन पायऱ्या आहेत, खाली उतरणाऱ्या. एर्वान दुसरी पायरी उतरला आणि त्याचा गुडघा अडकला. पुढेही जाईना, मागेही येईना. पिशवी त्याच्या मांडीला टेकलेली होती. तो सबंध पाय थरथरत होता, मला कळत होतं. दाराजवळच्या बाकावर त्याने कसंबसं अंग टाकलं, चेहरा हसरा केला, आणि बसल्या जागेवरून सगळ्यांना एकदाच हात हलवला.

"काय मंडळी! बरं चाललंय ना?"

समोर कप्तान लोइक उभा होता. हा लोइक दिवसा गावातले नळ दुरुस्त करतो. त्याने एर्वानसाठी पुढे केलेला हात तसाच हवेत राहिला होता. तो हळूच खाली घेत लोइक म्हणाला, "चाललंय साहेब. तुमच्या कृपेने."

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. एर्वानने मला घाईघाईने बाहेर काढलं, नडगीवर बसवलं आणि मोजा गुडघ्याच्या वरपर्यंत ओढला. गुडघ्याला आवळलेला पट्टा दिसू नये म्हणून. त्या खोलीत खरी गोष्ट माहीत असलेला मी एकटाच होतो. आणि मला तोंड नाही.

गुरुवारी गुडघा जरा बरा होता. एर्वान सगळ्यांच्या आधी येऊन दाराशी उभा राहिला आणि येणाऱ्या एकेकापुढे हात करू लागला. काहींनी बोटं टेकवली. लोइकने बुटांची नाडी बांधायला घेतली. बांधलेलीच नाडी त्याने सोडून पुन्हा बांधली.

"लोइक, परवाचं मनावर घेऊ नकोस."

"छे छे. माझे हात गटारातले. तुमचा हात मळायचा."

"काय बोलतोयस लेका! आपण एका वर्गात होतो."

"मी होतो. तू कुठेकुठे होतास, देव जाणे."

शुक्रवारी संध्याकाळी एर्वान लंगडत घरी आला तेव्हा लुसियाँ तव्यावर काळ्या पिठाचं धिरडं उलटत होता. त्याने मागे वळून पाहिलं नाही.

"ओदील भेटली होती," तो म्हणाला. "तू कुणाशी हात मिळवला नाहीस म्हणे."

"विसरलो, बाबा."

"विसरलास? बसल्याबसल्या हात हलवलास. मंत्री मोटारीतून हलवतात तसा!" उलथनं तव्यावर आदळलं. "लोइकच्या बापाने आणि मी सव्वीस वर्षं एका होडीत काढली. एका ताटात जेवलो. त्याच्या पोराचा हात तुला जड झाला?"

"तसं नव्हतं, बाबा."

"मग कसं होतं?"

एर्वानने ताट पुढे ओढलं. टेबलाखाली पिशवीत मी होतो. बोल रे, बोल, मी मनात म्हणत होतो. पण तो बोलला असता तर रविवार हातचा गेला असता. म्हणून तो धिरडं खाली मान घालून खात राहिला आणि बाप उभाच राहिला.

"रविवारी मी येत नाही," शेवटी लुसियाँ म्हणाला. "त्या लोकांपुढे कुठल्या तोंडाने उभा राहू?"

"बाबा, रविवारी या. एवढंच मागतो. मग हवं ते बोला."

"नाही म्हणजे नाही." म्हाताऱ्याने खुंटीवरचा कोट काढून कपाटात ठेवला.

ज्याच्यासाठी एर्वानने ते दुखणं लपवलं, तोच माणूस त्या लपवण्यामुळे येणार नव्हता. तरीही एर्वानने माघार घेतली नाही. म्हातारा अजूनही येईल, शेवटच्या क्षणी येईल, अशी एर्वानला आशा होती. मलाही होती, खोटं कशाला बोलू?

रविवारी सामना सुरू झाला. मैदानात जाता जाता एर्वानचे पाय एक क्षण थांबले. कठड्याशी कोण कोण उभं आहे ते तो बघत असणार. मग पाय पुन्हा चालू लागले, जरा जडच.

पहिली दहा मिनिटं त्याच्याकडे चेंडू आलाच नाही. तो मोकळा उभा राहायचा, "लोइक, इकडे!" म्हणून ओरडायचा, आणि चेंडू दुसरीकडे जायचा. मग एकदा समोरच्याच्या पायातून सुटलेला चेंडू आपणहून त्याच्याकडे आला. त्याने तो डाव्या पायाने थोपवला, मान वर केली असणार, आणि एक लांब, मऊ पास दिला. पुढच्या क्षणाला कठड्यावरून एवढा आवाज झाला की मी मोज्यातसुद्धा दणाणलो. गोल झाला होता. लोइक धावत आला आणि एर्वानच्या पाठीवर थाप पडली. त्यानंतर चेंडू त्याच्याकडे येऊ लागला. बारा-तेरा मिनिटं तो खेळला. पाय कसे हलके पडत होते म्हणून सांगू! वीस वर्षांत ते पाय इतके हलके कधी पडले नव्हते.

तेविसाव्या मिनिटाला त्याच्याजवळ कुणीही नव्हतं. कुणी लाथ मारली नाही, कुणी धक्का दिला नाही. तो वळायला गेला आणि माझ्या वर चार बोटांवर काहीतरी तुटलं. मी अगदी शेजारी होतो, आणि माझा काडीचा उपयोग झाला नाही.

"ऊठ रे, कुणी शिवलंसुद्धा नाही!" लोइक ओरडत आला. मग त्याने मोजा खाली केला. आतला पट्टा, जुना, घामाने पिवळा पडलेला, त्याला दिसला.

"हे कधीचं आहे?"

"जुनं आहे."

"मंगळवारीही होतं?"

एर्वानने मोजा पुन्हा वर ओढला. लोइक मटकन गवतात बसला. "गाढवा," तो म्हणाला, "एका शब्दाने सांगायचंस ना." त्याने आणि गोलरक्षकाने एर्वानला उचलून बाहेर नेलं.

सामना पुढे ते हरले. डॉक्टरकडे नेण्याआधी एर्वान म्हणाला, "मला आधी बंदरावर सोडा." लोइकने आपल्या गाडीत नळ बाजूला सारून त्याला बसवलं.

लुसियाँ जाळ्यांच्या खोपटात फाटकं जाळं शिवत होता. दारात लोइकच्या खांद्यावर लोंबकळणारा मुलगा बघून त्याची सुई थांबली.

"हे काय?"

"गुडघा, काका," लोइकच बोलला. "आधीपासून गेलेला होता. त्या दिवशी दाराशी त्याला उभंच राहता येत नव्हतं. आम्हाला वाटलं, माज आलाय."

लुसियाँने जाळं बाजूला ठेवलं. मग तो गुडघे धरत खाली बसला आणि त्याने स्वतःच मुलाचा मोजा उतरवला. मला त्याने बाहेर काढलं. त्याच्या हातांना आता बांगड्याचा वास येत नव्हता, नुसता डांबर लावलेल्या दोराचा येत होता.

"किती वेळ खेळलास?"

"तेवीस मिनिटं."

"मघाशी मोठा गलका झाला. इथपर्यंत आला. तो तुझा होता?"

"गोल दुसऱ्याचा. पास माझा."

"कसा होता?"

एर्वानने लोइककडे पाहिलं. लोइक सांगायला लागला, हातवारे करून, इथून तिथे, असा वळला, असा टाकला. लुसियाँ त्याच्या हातांकडे बघत राहिला. त्या हातवाऱ्यांत त्याला काय दिसलं असेल? मध्येच त्याने लोइकला थांबवलं आणि मुलाला विचारलं, "पुढच्या रविवारी सामना आहे?"

"आहे. पण मी नसेन, बाबा. आता कधीच नसेन."

"माहीत आहे," लुसियाँ म्हणाला. "मी येईन."

तो खरोखर येतो. कोट घालून, दर रविवारी, एर्वानच्या शेजारी कठड्याशी उभा राहतो. एर्वान काठी घेऊन येतो. मुलं मैदानात पळतात, आणि म्हातारा अधूनमधून मधल्या फळीच्या रिकाम्या गवताकडे बघतो. हे मला कळतं, कारण हल्ली मी त्याच्याच कोटाच्या खिशातून डोकावत असतो. का ठेवलंय, त्याने सांगितलेलं नाही. नडगीला बांधत नाही, फेकतही नाही. कधी कधी नुसता अंगठा फिरवतो.

मला एकच मागणं मागायचंय. उद्या तुमच्यापुढे कुणी हात केला नाही, तर रागवा. तुमचा हक्क आहे. फक्त रागावण्याआधी एकदा त्याच्या पायांकडे बघा, त्याला उभं राहता येतंय ना, एवढं. त्या शुक्रवारी लुसियाँने तव्यावरून वळून मुलाच्या पायांकडे बघितलं असतं तर ती तेवीस मिनिटं त्याच्या पदरात पडली असती.