राखीव गडी

कर्टने पान्ह्यावर पाय देऊन शेवटचा नट आवळला, तेवढ्यात बॉनेटवर ठेवलेला फोन थरथरत काठाकडे सरकू लागला. हात पँटला पुसून त्याने तो पडता पडता धरला. पडद्यावर नाव होतं लाइलचं.

रोझलिन कोट घालून गॅरेजच्या दारात उभी होती. बर्फातले टायर चढले की तिला चर्चला निघायचं होतं. नवऱ्याचा चेहरा बघून तिने विचारलं,

“कोण गेलं?”

“कोणी नाही. लाइल आहे.”

“मग घे की.”

फोन वाजून थांबला. कर्टने जॅक खाली सोडला, गाडी हळूच चाकांवर बसली. फोन पुन्हा वाजला तेव्हा मात्र त्याने घेतला.

“काय रे छोट्या, उठलास का?”

तीन वर्षांनी भावाचा आवाज ऐकू आला आणि तो असा, जणू कालच दोघं एकत्र जेवले होते. छोट्या पंचावन्न वर्षांचा होता.

“चाकं बदलतोय. बोल.”

“मॅकरेला खेळवू नकोस. प्रुइटला घे.”

कर्टने फोन स्पीकरवर टाकला. रोझलिनने भुवया उंचावल्या.

त्यांची ही अमेरिकन फुटबॉलची फँटसी लीग वडिलांनी सुरू केलेली. दहा जण होते, त्यातले बरेचसे चुलत-मावस भाऊ. ऑगस्टमध्ये सगळे जमून खऱ्या संघांतले खरे खेळाडू आपापसांत वाटून घ्यायचे. मग दर रविवारी ते खेळाडू मैदानात जेवढे पळतील, तेवढे गुण घरी सोफ्यावर बसलेल्या मालकाला. मात्र मालकाने ज्याला उतरवलं असेल त्याचेच. ज्याला बाकावर ठेवलं, त्याने मैदानात डोंगर हलवला तरी तो वाया. वडील गेले, भावाभावांतलं बोलणं सुटलं, पण लीग दोघांनीही सोडली नाही. आधी सोडणारा मी नसेन, एवढ्या एका गोष्टीवर त्यांचं एकमत होतं.

मॅकरे हा ग्रीन बे संघाचा चेंडू घेऊन पळणारा पहिला गडी, आणि कर्टच्या संघाचा सगळा डोलारा त्याच्यावर. प्रुइट त्याचा राखीव, तोही कर्टकडेच. मॅकरेचा घोटा बुधवारी दुखावला होता, तो खेळणार की नाही याची तेव्हापासून नुसती चर्चा चालली होती. आणि आजचा सामना कर्ट विरुद्ध लाइल असा होता. जो हरेल त्याचा हंगाम आज संपणार होता.

“काल सकाळी टॉवेल पोचवायला गेलो होतो,” लाइल सांगत होता. तो ग्रीन बेला धुलाईच्या कंपनीची गाडी चालवायचा आणि संघाच्या सरावाच्या जागी त्याची रोजची फेरी असायची. “मॅकरे मागच्या दाराने निघत होता. तीन पायऱ्या आहेत तिथे. उतरताना कठडा धरला त्याने. दोन्ही हातांनी धरला, छोट्या. आज कपडे घालून उभा करतील त्याला, समोरच्यांना चकवायला. पण तो पळत नाही.”

“लाइल, आज मी तुझ्याशीच खेळतोय.”

“माहितेय.”

“मग?”

“मग काय? दिसलं ते सांगितलं. लंगड्या घोड्याला हरवून मी काय मिळवू?” आणि निरोप वगैरे काही न घेता त्याने फोन ठेवला. तेही नेहमीसारखंच.

रोझलिनने सगळं ऐकून घेतलं आणि किल्ली हातात घेत म्हणाली, “खरंही असेल.”

“लाइलचं? त्याने मांजर पाहिलं तर घरी येऊन वाघ सांगायचा. लहानपणापासून.”

“वाघ सांगायचा, पण काहीतरी पाहिलेलं असायचं ना?” असं म्हणून ती गाडी मागे घेऊ लागली.

साडेदहाला अधिकृत घोषणा झाली. मॅकरे खेळणार. लगोलग मावसभाऊ डेनीचा संदेश लीगच्या गटात येऊन पडला. ‘कर्टचा घोडा तबेल्यातून निघाला! लाइल, रुमाल जवळ ठेव.’ टीव्हीवर बसलेल्या माजी खेळाडूनेही सांगितलं की मॅकरे सकाळी छान पळाला, काळजीचं कारण नाही. कर्टने कॉफी ओतून घेतली आणि टेबलाशी बसून फोनवर मॅकरेच्या नावापुढे खूण केली. मग ती काढून प्रुइटपुढे केली. मग पुन्हा मॅकरेपुढे.

वडिलांच्या शेवटच्या हिवाळ्यात लाइलचे असेच फोन यायचे. वडील लाइलच्या घराजवळ राहायचे आणि कर्ट इकडे डुलुथला, पाच तासांच्या अंतरावर. ‘ताबडतोब निघ, काही खरं नाही,’ असं लाइलने पहिल्यांदा सांगितलं तेव्हा कर्ट हिमवादळातून गाडी हाकत गेला. बघतो तर वडील उशीला टेकून पुडिंग खात होते आणि नर्सला चिडवत होते. दुसऱ्यांदा तेच झालं. तिसऱ्यांदा वडिलांनीच विचारलं, “तुला नोकरीबिकरी नाही का रे?” चौथ्यांदा फोन आला तेव्हा कर्ट म्हणाला, शनिवारी येतो. वडील गुरुवारी गेले.

दफनानंतर चर्चच्या तळघरात जेवणं चालली होती. सगळ्यांच्या देखत लाइल म्हणाला, “मी सांगितलं होतं याला.” आणि कर्ट म्हणाला, “तू तर नेहमीच सांगतोस.” दोघांच्या हातात हॅम आणि बटाट्याच्या बशा होत्या. त्या तशाच टेबलावर ठेवून दोघं दोन दारांनी बाहेर पडले.

रोझलिन परत आली तेव्हा सामना सुरू व्हायला थोडाच वेळ राहिला होता. तिने बूट झटकले आणि खिडकीपाशी उभ्या असलेल्या नवऱ्याकडे पाहिलं.

“ठरलं?”

“नाही.”

“तुला काय वाटतं, खोटं बोलतोय तो?”

कर्टने रिकामा कप हातात फिरवला. “लाइल खोटं बोलत नाही. त्याला तसं दिसतं, एवढंच.”

“मग काल काय दिसलं त्याला?”

“कठडा धरून उतरणारा माणूस.”

हे बोलता बोलता तो थांबला. पहिल्या तिन्ही फोनवर लाइल नुसता ओरडला होता, निघ, ये, काही खरं नाही. चौथ्या वेळी तो ओरडला नव्हता. ‘बाबांनी आज दाढी करू दिली नाही,’ एवढंच म्हणाला होता. रोज सकाळी दाढी केल्याशिवाय कोणाला तोंड न दाखवणारा त्यांचा बाप. लाइल ते हळू आवाजात म्हणाला होता आणि मग थोडा वेळ गप्प राहिला होता. ती शांतता कर्टने त्या दिवशी ऐकली नव्हती. तो कामावर होता, मागे यंत्र चालू होतं, आणि त्याच्या डोक्यात पुडिंगची वाटी होती.

त्याने कप सिंकमध्ये ठेवला. टेबलाशी येऊन उभ्या उभ्याच प्रुइटच्या नावापुढे खूण केली आणि फोन पालथा ठेवला.

“जेवायला काय आहे?” त्याने विचारलं.

“सूप. तुझा चेहरा बघता तेच उतरेल घशाखाली.”

सामन्यात पहिल्यांदा चेंडू हातात येताच मॅकरे चाळीस यार्ड पळाला.

त्याने एकाला खांद्याने उडवलं, दुसऱ्याला चकवलं आणि कडेच्या रेषेवरून असा गेला की घोटा नावाचा अवयव त्याला कधी नव्हताच. सूप निवत राहिलं. मध्यंतरापर्यंत मॅकरेने दोनदा चेंडू शेवटच्या रेषेपार नेला, दोन टचडाउन झाले, नंतर तिसरा. तिन्हींचे गुण कर्टच्या बाकावर पडून. प्रुइट पाठीवर जाड कोट टाकून पाणी पीत उभा असलेला दिसला, दोनदा. लाइलच्या संघाने आपलं रोजचं काम रोजच्यासारखं केलं, आणि तिसरा टचडाउन झाला तेव्हाच हे प्रकरण संपलं होतं.

रोझलिन सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला विणत बसली होती. एकदा फक्त टाके मोजायचे थांबवून तिने त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा सुया चालू केल्या.

डेनीला तर सणच मिळाला. ‘कर्ट, मॅकरे बाकावर? बाकाला गुण असते तर तू चँपियन!’ आणखी कोणी लिहिलं, ‘अरे, त्याला म्हणावं खिडकी उघड, हवा लागू दे डोक्याला.’ मग डेनीनेच विचारलं, ‘खरं सांग, कोणत्या शहाण्याने सल्ला दिला तुला?’

कर्टने चष्मा पुसला. गटात लाइलही होता. सकाळपासून त्याने एक अक्षर लिहिलं नव्हतं.

‘माझंच डोकं,’ कर्टने लिहिलं. ‘घरचा माल.’

दोन मिनिटंही गेली नसतील, फोन वाजला.

“मी पाहिलं होतं रे,” लाइल एकदम सुरू झाला. “देवाशपथ पाहिलं होतं. तीन पायऱ्या, आणि दोन्ही हातांनी कठडा... काय टोचलं असेल त्यांनी त्याला रात्रीत कोण जाणे. तुला वाटत असेल मी मुद्दाम...”

“नाही वाटत.”

“नाही, वाटलं तर बोल. मी तुझ्या जागी असतो तर मला वाटलं असतं.”

“तू पाहिलंस तेच सांगितलंस, लाइल. मला माहितेय.”

तिकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

“डेनीला का नाही सांगितलंस? माझं नाव?”

“काय सांगायचं? खूण मी केली.”

“शिव्या घालशील म्हणून मी बीअर उघडून बसलो होतो. ऐकायला बरी पडते हातात असली की.”

“मग पी आता नुसतीच.”

लाइल हसला. ते हसणं नाकातून यायचं, थेट वडिलांचं. कर्टने फोन एका कानावरून दुसऱ्यावर घेतला. ठेवायचं कोणीच मनावर घेतलं नाही. समोर सामन्याचं शेवटचं मिनिट चालू होतं. ग्रीन बे चार गुणांनी मागे होतं आणि आता एक टचडाउन झाला तरच काही होतं. लीगचा निकाल लागून गेला होता. हा सामना मात्र दोघांचा एकाच बाजूचा, जन्मापासूनचा.

“बसला!” लाइल किंचाळला. “बसला बघ! मी म्हटलं नव्हतं? घोटा धरून बसला!”

कर्टच्या टीव्हीवर मॅकरे अजून दोन्ही पायांवर उभा होता.

“मला नाही दिसत.”

“अरे हो. तुझं इंटरनेटवरून येत असेल. माझा अजून छपरावरचा अँटेना आहे, माझ्याकडे आधी पोचतं.” लाइलचा आवाज खाली आला. “बरं, गप्प बसतो मी. तू बघ तुझं.”

आणि तो खरोखर गप्प बसला. कर्टला त्याचा श्वास तेवढा ऐकू येत होता, लांब, मग अडवून धरलेला. सत्तावन्न वर्षांत ज्याला एक गोष्ट पोटात ठेवता आली नव्हती, तो माणूस तिकडे ओठ मिटून बसला होता. इकडे पडद्यावर मॅकरे आता कुठे वाकून घोट्याकडे हात नेत होता. मैदानावर बर्फाचे चार-दोन भुरभुरे कण उडत होते.

कर्टने रिमोट उचलला आणि टीव्ही बंद केला.

रोझलिनने मान वर केली. “काय झालं टीव्हीला?”

त्याने हातानेच तिला काही नाही म्हणून सांगितलं आणि फोन कानाशी घट्ट धरला.

“लाइल, सांग.”

“काय सांगू?”

“काय चाललंय ते. टीव्ही बंद केलाय मी. तू सांग.”

लाइलने घसा साफ केला.

“प्रुइट आलाय,” तो म्हणाला. “तुझा प्रुइट. मॅकरेला दोघांनी धरून नेलं, आणि हा आलाय. आणि बर्फ, छोट्या, बर्फ असा कोसळतोय की माणसाला माणूस दिसत नाही. रेषा पुसल्या गेल्यात सगळ्या. पोरगा घोट्यापर्यंत बर्फात उभा आहे आणि समोर अकरा राक्षस...”

कर्टने पाय लांब केले, मान सोफ्याच्या पाठीवर टेकली आणि डोळे मिटले.

“हं,” तो म्हणाला. “पुढे?”