पानावर आडवा हात

डॉक्टरांनी पट्टीचा शेवटचा वेढा सोडला, तरी चिंतामणभटजींनी डोळा उघडला नाही.

"उघडा," डॉक्टर म्हणाले.

"थांबा, मुहूर्त पाहू द्या."

"कशानं पाहता?" बायको, रमाकाकू, म्हणाल्या.

अकोल्यात भटजींचा लौकिक मंत्रांपेक्षा जेवणाचा मोठा. "पुरे" म्हणून त्यांनी पानावर कधी आडवा हात धरला नव्हता. दोन वर्षांपूर्वी मोरीत मुंग्यांची रांग लागली, वैद्यांनी मधुमेह सांगितला. भटजींनी बायकोला बजावलं, "कोनाले सांगू नको. गोड न चालणाऱ्या भटाले जेवाले कोण बोलावते?" मुंग्यांना आमची मोरी आवडते, असं शेजाऱ्यांना सांगण्यात आलं.

यंदा यजमान खुशालराव देशमुखांकडे वास्तुशांत झाली. शपथा घालघालून खुशालरावांनी जिलब्या वाढल्या. पुढच्याच आठवड्यात भटजींचा गाल सुजला, नाकात काळी खपली धरली आणि एका सकाळी डावा डोळा विझला. अमरावतीचे डॉक्टर म्हणाले, शिळ्या भाकरीवर धरते तशी बुरशी साखरेच्या रक्तावर फोफावते. ती डोळ्यापर्यंत गेली आहे. डावा डोळा आणि सडलेलं हाड काढावं लागलं. साखरेसाठी सुई सुरू झाली. पण तोवर उजव्यालाही धूसर दिसू लागलं होतं. त्याच्यावरही इलाज करून पट्टी बांधली होती; तो वाचला की नाही, ते आज कळायचं होतं.

भटजींनी डोळा उघडला. खोलीभर हळूहळू फिरवला. रमाकाकूंनी खाटेचा दांडा घट्ट धरला.

"काय दिसतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"खुशालराव दिसतात. उपरण्याखाली काहीतरी लपवून राह्यले."

"पेढे हायेत," खुशालराव ओशाळून म्हणाले. "डॉक्टरसायबाले आणले."

डॉक्टर हसले. खुशालरावांनी डोळे पुसले, पुडा सोडला आणि सवयीनं पहिला पेढा भटजींपुढे धरला.

"एक तं घ्याच, भटजी. तुमाले माही शप्पथ हाये."

डॉक्टर काही बोलायच्या आत भटजींचा हात पुढे झाला. रमाकाकूंनी मान फिरवली.

हात पेढ्याजवळ थबकला, पालथा झाला. समोर पान नव्हतं. भटजींनी तो मांडीवरच्या पांघरुणावर आडवा धरला.

"पुरे," ते म्हणाले.

खुशालरावांना पेढ्याचं काय करावं कळेना. रमाकाकूंनी तो त्यांच्या हातातून घेतला आणि सरळ तोंडात टाकला. लग्न झाल्यापासून नवऱ्याच्या आधी त्यांनी काही खाल्लं नव्हतं.

भटजी एका डोळ्यानं पाहत राहिले.